कावळ्याला कबूल केलेलं इंग्रजी

दुर्गाच्या दहाव्याला बाणगंगेवर कावळा पिंडाला शिवेना, आणि सीताराम सोडून सगळ्यांना घाम फुटला.

कावळे नव्हते असं नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर, देवळाच्या कौलांवर, पाहिजे तितके होते. शेजारी कुणा पेढीवाल्याचा दहावा होता, त्याच्या पिंडावर तर झुंबड होती. दुर्गाच्या पिंडाजवळ एकच आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत पेढीवाल्याकडे गेला.

भटजींना पुढची कामं होती. ते म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिली असेल. बोला, कबूल करा."

मग कबुल्या सुरू झाल्या. चाळीत तळमजल्यावर खाणावळ चालवणारी कमलाबाई पुढे झाली आणि पदर सावरून म्हणाली, "दुर्गे, सीतारामाच्या पोटाची काळजी करू नको. दोन्ही वेळ माझ्याकडे जेवेल." कावळा हलला नाही. दुर्गाला कमलाबाईची आमटी माहीत आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं. मग गिरणीतला एक सोबती म्हणाला, "सीताराम दारू पिणार नाही." सीताराम मुळात पीतच नव्हता. कावळ्यालाही ते ठाऊक असावं. मग समितीचा बिल्ला लावलेला एक तरुण हात जोडून पुढे आला. "दुर्गाताई, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र घेतल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही." दुर्गा त्यासाठी तुरुंगात जाऊन आली होती, त्यामुळे सगळ्यांनी गंभीर होऊन हात जोडले. पेढीवाल्याकडून इकडे बघत होता तो कावळाही उडून गेला.

"द्विभाषिक राज्यवाला दिसतो," मागचा म्हणाला.

सीताराम ओल्या पंच्यात उभा होता आणि आतून त्याला जरा बरं वाटत होतं. कावळा शिवत नाही म्हणजे ती गेली नाही. गेली नाही म्हणजे इथेच कुठेतरी आहे. दहा दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या मनासारखं वागत होतं आणि तो एक कावळा होता. हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात भिवा ओरडला. भिवा म्हणजे दुर्गाचा धाकटा भाऊ. सीतारामच्याच गिरणीत, त्याच्याच साचेखात्यात कापड विणायचा आणि गावकऱ्यांच्या सामायिक गाळ्यात राहायचा. सकाळपासून त्याच्या पोटात चहासुद्धा नव्हता. तो म्हणाला, "आक्का, भावजी इंग्लिश शिकतील."

कावळा आला, पिंडावर चोच मारली, भाताचं शीत घेऊन गेला. पाठोपाठ आणखी दोघे आले.

भटजी म्हणाले, "झालं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सीतारामने भिवाकडे असं बघितलं की भिवा दोन पायऱ्या वर सरकला.

"तुला कोणी सांगितलं होतं रे?"

"मी काय केलं? भूक लागली होती. तोंडात आलं ते बोललो."

पण ते अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. छप्पन्न साली बायकांच्या मोर्चात दुर्गा पकडली गेली आणि काही दिवस आत राहिली. बराकीत बायका रात्रंदिवस घोषणा द्यायच्या, आणि जेलरीण दारात येऊन म्हणायची, "कीप क्वाएट." गिरगावातली एक शिकलेली बाई आत होती, तिने दुर्गाला अर्थ सांगितला. दुर्गा घरी आली ती हे दोन शब्द घेऊनच. सीताराम घोरायला लागला की कीप क्वाएट. नळावर भांडण पेटलं की कीप क्वाएट. घरात टोपाचं झाकण वाजलं तरी कीप क्वाएट. सीताराम म्हणायचा, "तू आधी क्वाएट हो." ती म्हणायची, "तुम्ही पण शिका इंग्लिश. नाहीतर मी बोलू कोणाशी?" आणि मग काविळीने गेली, एका पंधरवड्यात. मूलबाळ नव्हतं. खोलीत तो एकटा राहिला.

दहाव्याच्या रात्री तो कमलाबाईकडे जेवायला बसला. चाळीत धर्माचं काही अडलं तर तिलाच विचारायचे.

"कमलाबाई, कबूल केलं आणि कावळा शिवला. म्हणजे दुर्गा गेली?"

"गेली कशी? शब्द दिलाय, पुरा कुठे केलाय? पुरा होईपर्यंत ती घुटमळणार. वर्षश्राद्धाच्या आत करायला हवं बाबा, नाहीतर हाल तिचे."

"म्हणजे इंग्रजी शिकून होईपर्यंत ती इथेच."

"इथेच. जिन्यात, नळावर. कुठे जाणार?"

सीतारामने त्या रात्री आणखी एक भाकरी मागितली. इंग्रजी शिकून संपल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. साहेब देश सोडून गेला, इंग्रजी राहिलंच. जन्मभर शिकलं तरी पुरलं असतं. शिकायचं, पण संपवायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि हात धुतला.

भिवाची गत उलटी होती. शब्द त्याच्या तोंडून गेला होता. साच्यावर सूत तुटलं की त्याला वाटायचं, आक्का आली. धोटा साच्याबाहेर उडाला की आक्का. भिवा घाबरला की मालवणीवर यायचा. "भावजी, ती माका झोपाक देणा नाय. तुमी शिका लवकर." शेवटी एका संध्याकाळी त्याने सीतारामला दंडाला धरून करी रोडच्या व्यायामशाळेत नेलं.

तिथे रामदास मास्तर इंग्रजी शिकवायचा. मल्लखांबाला फळा बांधलेला असायचा आणि पोरं त्याच्या भोवती सतरंजीवर बसायची. पोरं म्हणजे नावालाच. एक शिंपी होता, एक बिगारी, बाकी गिरणीवाले. रामदास दिवसा गोदीत मालाची मोजणी करणारा टॅली क्लार्क होता आणि डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा. तिशीतला होता. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि आल्या दिवशी घरातले देव गोळा करून त्याने ते मोडीत घातले होते.

"कशासाठी शिकायचंय?" तो प्रत्येकाला विचारायचा. यांनाही विचारलं. भिवाने खरं ते सांगितलं.

रामदासने खडू खाली ठेवला. "कावळ्याने सांगितलं?"

"कावळ्याने नाही, मीच सांगितलं. कावळ्याने मान्य केलं."

"म्हणजे तुम्ही सूचक आणि कावळा अनुमोदक."

"तसंच म्हणा."

"आम्ही देव टाकले, श्राद्ध टाकलं, पिंड टाकले. आणि आता कावळ्याच्या शिफारशीवर आलेला विद्यार्थी मी घ्यायचा?"

"नका घेऊ," सीताराम म्हणाला. "किंवा घ्या, पण सावकाश शिकवा. मला घाई नाही."

रामदासने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी कालच हवं असायचं. घाई नसलेला हा पहिलाच. "बसा," तो म्हणाला. "पण परीक्षा मी घेणार. कावळा नाही."

"कोणतं क्रियापद घेऊ तुमच्यासाठी?" त्याची पद्धत अशी होती की एक क्रियापद धरायचं आणि पिळून काढायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

सीतारामला येत होतं ते एकच. "कीप," तो म्हणाला.

"कीप म्हणजे काय?"

"गप्प."

"गप्प म्हणजे क्वाएट. कीप म्हणजे काय?"

"ठेवणे," शिंप्याने सांगितलं.

"मग सोपं आहे," भिवा म्हणाला. "डबा टेबलावर ठेव. कीप डबा ऑन टेबल."

"सगळी मुंबई इथेच चुकते," रामदास म्हणाला आणि उठला. भिवाच्या हातातला जेवणाचा डबा घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला. "हे झालं पुट. डबा हातात होता, तिथे गेला, काम संपलं. आता तो डबा तिथेच राहायला हवा. कुणी हलवायचा नाही, मांजराने पाडायचा नाही, भिवाने उघडायचा नाही. ते कीप. पुट करायला क्षण लागतो. कीप करायला माणूस लागतो."

"दोन्हीला आपण ठेवणेच म्हणतो," सीताराम म्हणाला.

"म्हणतो. म्हणूनच गोंधळ."

मग वर्गाने ठेवणे पिळायला घेतलं. शिंपी म्हणाला, "कोंबड्या पाळल्या तर?" रामदास म्हणाला, कीप. दुकान चालवलं? कीप. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं? तेही कीप, टाइम कीप करतं. चालत राहा? कीप वॉकिंग. गवतावर येऊ नका? कीप ऑफ. दिलेला शब्द पाळला?

"कीप युवर वर्ड," रामदास म्हणाला. भिवाने सीतारामच्या बरगडीत कोपर मारलं.

मागून बिगाऱ्याने विचारलं, "आणि बाई ठेवली तर?"

"तेही कीप. पण वाक्य करून दाखवू नका."

"नावं ठेवली?"

"ते नाही. त्याला कीप चालत नाही."

"मग आमची कमलाबाई दिवसभर काय करते?" भिवा म्हणाला.

"दोष काढते. वेगळं क्रियापद आहे, पुढे येईल."

"विश्वास ठेवला?"

"कीप नाही. ट्रस्ट."

"साहेब विश्वास ठेवत नाही, हे मला साचेखात्यातच कळलं होतं," सीताराम म्हणाला. वर्ग हसला. दुर्गा गेल्यापासून आपण काही बोललो आणि माणसं हसली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं, आणि त्याला थोडं अपराधी वाटलं.

उच्चार मात्र जमेना. त्याचं कीप तोंडातच आखडायचं. रामदास समोर बसला आणि ओठ ताणून दाखवले. "माझ्या तोंडाकडे बघा. मी सोडतो तसा घ्या." सीतारामने घेतला. तिसऱ्यांदा बरोबर आला. रामदास हसला. "बाटलात आता."

"कसा?"

"माझा बाप जन्मभर रिंगखात्यात सूत काढत राहिला. साच्यावर येऊ दिलं नाही. का ते तुम्हाला माहीत आहे."

सीतारामला माहीत होतं. धोट्यात सुताची नवी नळी घातली की भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं. या पाळीचा धोटा त्या पाळीच्या तोंडात जातो. म्हणून रामदासच्या लोकांना साच्याजवळ फिरकू देत नव्हते.

"आता माझ्या तोंडातला शब्द तुम्ही तोंडात घेतलात," रामदास म्हणाला.

"मास्तर, मी वीस वर्षं दुसऱ्यांचे धोटे चोखतोय. तंबाखूवाले, दम्यावाले, दात पडलेले. तुमचा शब्द त्या मानाने फार स्वच्छ आहे."

रामदासने त्या दिवशी त्याला चहा पाजला.

पावसाळा लागला. चाळीत एक भानगड उभी राहिली. सीतारामच्या खोलीची खिडकी उघडी असायची, सोसाट्याचा पाऊस असला तरी. पाणी आत यायचं, फरशीवरून वाट काढायचं आणि नेमकं खालच्या कमलाबाईच्या तांदळाच्या पोत्यावर टपकायचं. ती एका दुपारी दाणदाण वर आली.

"सीतारामा, खिडकी लाव."

"लागत नाही."

"का लागत नाही? मी लावते." आणि ती पुढे झाली, मग थांबली. खिडकीच्या चौकटीच्या फटीत दुर्गाची फणी खोचलेली होती. केस विंचरून ती तिथेच खोचायची. फणीत दोन केस होते. ती काढल्याशिवाय झडप बसत नव्हती.

कमलाबाईने हात मागे घेतला. मग म्हणाली, "पोती हलवते मी," आणि खाली गेली. मात्र त्या संध्याकाळी चाळभर सांगत सुटली की तांदूळ भिजवले सीतारामने.

पुढच्या वर्गात सीतारामने विचारलं, "मास्तर, फणी खिडकीत आहे. मी ठेवली नाही, तिने ठेवली. मग मी म्हणायचं काय?"

"शी पुट इट देअर," रामदास म्हणाला. "तिने ठेवली, तिचं काम झालं. यू कीप इट देअर. तुम्ही ठेवलीय."

"मी तर हातसुद्धा लावला नाही."

"हात न लावणं हेच कीप."

सीतारामने मान हलवली. ते त्याला इतकं बरोबर समजलं की तो घाबरला. असंच समजत गेलं तर इंग्रजी वर्षाच्या आत संपेल.

दिवाळीनंतर त्याची प्रगती थांबली. आधी येत होतं ते चुकायला लागलं. डबा कीप करायचा, शब्द पुट करायचा, कोंबड्या ट्रस्ट करायच्या. बिगारी त्याच्या पुढे गेला. भिवा कपाळावर हात मारायचा. "भावजी, वर्षश्राद्ध आलं. आक्का आता रिंगखात्यापर्यंत फिरायला लागलीय. काल तिकडे पट्टा तुटला."

"पट्टा तिकडचा जॉबर वंगण घालत नाही म्हणून तुटला."

"वंगण आक्काने आटवलं."

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर रामदास सीतारामबरोबर पुलापर्यंत चालत आला. पुलाच्या कठड्याशी उभा राहून म्हणाला, "सीतारामभाऊ, न येणारा माणूस एकाच ठिकाणी चुकतो. तुम्ही दर वेळी नव्या ठिकाणी चुकता. चूक करायला तुम्ही घरी अभ्यास करून येता."

खालून एक मालगाडी गेली, तेवढा वेळ सीतारामला मिळाला. मग म्हणाला, "आलं तर ती जाईल."

"कोण जाईल?"

"तुम्हाला ते पटायचं नाही."

"पटायचं नाही, पण कळतं," रामदास म्हणाला. "माझा बाप गेला ना, तेव्हा आमच्याकडे कावळा नव्हता. आम्ही तो टाकला होता. बाराजण बसलो, वंदना म्हटली, घरी आलो. पण गेला की नाही, हे सांगायला कोणी आलं नाही हो. तुमच्याकडे निदान पक्षी येऊन सांगतो. आम्हाला आपलं आपणच ठरवावं लागलं. आईने सहा महिने त्याच्या चपला दारात ठेवल्या. मग एके दिवशी स्वतःच उचलल्या. कुणी सांगितलं नाही तिला."

"काय केलं चपलांचं?"

"मी घातल्या. चावतात."

सीतारामने खाली बघितलं. चपला जुन्या होत्या आणि मोठ्याही होत्या.

"परीक्षा मी घेणार आहे," रामदास म्हणाला. "नापास व्हायचं असेल तर व्हा. पण माझ्यासमोर चुकीचं बोलू नका. गप्प बसा. त्याला मी शून्य देईन, आणि ते प्रामाणिक शून्य असेल."

वर्षश्राद्ध चाळीच्या गच्चीवर झालं. भटजी सकाळीच आपलं आटपून गेले होते. उरलं होतं ते कावळ्याचं पान, गच्चीच्या कठड्यावर मांडलेलं. कमलाबाईने वडे, खीर, भोपळ्याची भाजी केली होती. कोपऱ्यात सुक्या बोंबलाची चटणीही होती, कारण दुर्गाला ती आवडायची. श्राद्धाला बोंबील, म्हणून शेजारणींनी नाक मुरडलं. कमलाबाई म्हणाली, "तुमचं श्राद्ध असेल तेव्हा तुम्हाला भोपळा घालू."

भिवाने रामदासला ओढून आणलं होतं. रामदास पाण्याच्या टाकीजवळ उभा होता, श्राद्धापासून होईल तेवढा लांब.

"आधी परीक्षा," भिवा म्हणाला. "कावळ्याच्या कानावर पडली पाहिजे."

"कावळा आहे कुठे?" रामदास म्हणाला. खरंच, एकही दिसत नव्हता. पण सगळे खोळंबले होते. तो पुढे आला आणि सीतारामसमोर उभा राहिला. "मी मराठीत सांगतो, तुम्ही इंग्रजीत. मी पान कठड्यावर ठेवलं."

चुकलो तर ती राहते, एवढंच सीतारामच्या डोक्यात होतं. कीप म्हटलं की झालं. पण रामदास समोर होता आणि त्याने बापाच्या चपला घातल्या होत्या. खोटं बोलायचं नाही, तर गप्प बसायला हवं होतं. सीतारामने गप्प बसायचा प्रयत्न केला. मग त्याला वाटलं, दुर्गा असती तर म्हणाली असती, एवढं साधं येत नाही तुम्हाला?

"आय पुट द लीफ ऑन द वॉल."

"खिडकी वर्षभर उघडी ठेवली."

"आय केप्ट द विंडो ओपन."

कमलाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण विंडो कळलं. तिने तोंड वाकडं केलं.

"शब्द पाळला."

सीताराम थांबला. "माझा नव्हता शब्द," तो म्हणाला. "भिवाचा होता." मग म्हणाला, "आय केप्ट भिवाज वर्ड."

"पास," रामदास म्हणाला आणि परत टाकीजवळ गेला.

भिवाने डोळे पुसले. सगळे कठड्याकडे वळले आणि कावळ्याची वाट बघू लागले. कावळा काही येईना. बायकांनी का का करून हाका मारल्या. वड्याचा तुकडा हवेत फेकला, तो दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या धोतरावर पडला. मग शेवटी भिवाने पलीकडच्या चाळीच्या कौलांकडे बोट दाखवलं. तिकडे विजेच्या तारेला चिकटून एक कावळा मेला होता, आणि लालबाग-परळचे सगळे कावळे त्याच्याभोवती जमून कावकाव करत होते.

"त्यांचंच सुतक आहे," रामदास टाकीजवळून म्हणाला. "आज ते जेवायचे नाहीत."

कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववू. कमलाबाई म्हणाली, "दुर्गा काय दर्भाची होती? खरा येईपर्यंत थांबू." थांबले. ऊन चढलं. खीर निवली, पोरं रडायला लागली. पाळीवर जाणारे लोक एकमेकांकडे बघू लागले.

"शब्द पुरा करूनही शिवत नाही," कमलाबाई म्हणाली, "म्हणजे तिचं आणखी काहीतरी राहिलंय. भिवा, तूच बोल बाबा. गेल्या वेळी तुझंच ऐकलं तिने."

भिवा पुढे झाला. त्यालाही भूक लागली होती. त्याने हात जोडले, पलीकडच्या कौलांकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. "आक्का, पुढच्या वर्षी भावजी..."

सीतारामने ऐकलं. पुढच्या वर्षी. भिवा आता काहीतरी कबूल करणार, दुसरं क्रियापद, नाहीतर सगळी मॅट्रिक, आणि आणखी एक वर्ष ती जिन्यात राहणार, नळावर राहणार. त्याने काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. भिवाचे ओठ पुढच्या शब्दासाठी गोल झालेले त्याला दिसत होते. आणि त्याला असंही दिसलं की दुर्गा जिन्यात उभी आहे, वर्षभर उभी आहे, बूड टेकायला जागा नाही, आणि हे दोन पुरुष तिच्या नावाने बोलतायत, तिला कोणी विचारत नाही.

"कीप क्वाएट," तो म्हणाला.

तो ओरडला नाही. टोपाचं झाकण वाजल्यावर ती म्हणायची, तसं म्हणाला. भिवाचं तोंड उघडंच राहिलं, मग मिटलं. कमलाबाई "बाई गं" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पाठमोरी झाली.

"उच्चार बरोबर आहे," रामदास टाकीजवळून म्हणाला, पण हळू.

"तिचं एवढंच होतं," सीताराम म्हणाला. "चला जेवायला. पाळीवाल्यांना उशीर होतोय."

"आणि पान?" कमलाबाईने विचारलं.

"राहू दे. त्यांचं सुतक फिटलं की येतील."

सगळे खाली उतरले. भिवा जिन्यात त्याच्या कानाशी लागला. "भावजी, कावळो शिवलो नाय. गेली काय ती?"

"गेली."

"तुमका कसा कळला?"

"मी सांगतोय ना तुला."

खाली पंगत बसली. कमलाबाईने एक पान भिंतीशी, जरा बाजूला मांडलं होतं. ते कुणासाठी, हे रामदासला सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "मी श्राद्धाचं जेवत नाही." सीतारामने ते पान उचलून आपल्या आणि भिवाच्या मध्ये आणलं. "श्राद्धाचं नका जेवू. बोंबील खा. बोंबलाला कोणी मंत्र म्हटलेला नाही." रामदास घुटमळला. मग चपला दारात काढून बसला. कमलाबाई वाढायला आली. त्याच्यापाशी जरा थांबली, सीतारामकडे बघितलं, आणि मग चटणी वाढली. कमी वाढली, पण तिने सगळ्यांनाच कमी वाढली होती. रामदासने चटणी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. तिच्या हातचं दुसऱ्यांदा मागणारा माणूस तिला फार दिवसांनी भेटला होता.

जेवण झाल्यावर सीताराम वर गेला. ढग आले होते, पश्चिमेकडून वारा सुटला होता आणि खालून कमलाबाई पोती हलवत असल्याचा आवाज येत होता. त्याने फणी फटीतून काढली. सहज निघाली. खिडकी वर्षभर उघडी राहून फुगली होती, ती दोनदा ढकलावी लागली, मग लागली. फणी हातात राहिली. कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी शर्टाच्या खिशात टाकली, आणि पोती आता हलवू नका, हे सांगायला खाली गेला.